बागेचे प्रश्न: कुंपणालगतची कोरडी पट्टी

प्रश्न: सोलापुरात आमच्या घरासमोर कडू मेंदीचं २५ फुटांचं, ४ फूट उंचीचं कुंपण आहे. त्याच्या उत्तरेला पायवाटेपर्यंत २ फुटांची पट्टी मोकळी आहे. झेंडू लावला, शेवंती लावली, शेणखतही भरपूर घातलं. रोज पाणी देऊनही रोपं महिन्याभरात माना टाकतात. माती बदलावी का?

उत्तर: माती बदलू नका. चार-सहा महिन्यांत नव्या मातीतही मेंदीच्या मुळ्या शिरतील. सतत छाटलेलं कुंपण सतत नवी पालवी काढतं आणि त्यासाठी वरच्या फूटभर मातीतलं पाणी ओढत राहतं. शेणखत घातलं की मुळ्या नेमक्या तिथेच दाट होतात. नळीने रोज शिंपडलेलं पाणी वरचे दोन बोटं भिजवून उडून जातं.

दुसरी अडचण उन्हाची. हिवाळ्यात दुपारीसुद्धा कुंपणाची सावली साडेतीन फुटांपर्यंत पडते, म्हणजे तुमची अख्खी पट्टी सावलीत. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र सोलापुरात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, आणि आभाळ मोकळं असेल तर तीच पट्टी भाजून निघते. झेंडू-शेवंतीला हे दोन्ही सोसत नाही. पानात किंवा कंदात पाणी साठवणारी झाडंच इथे टिकतील.

कुंपणालगतचे ९ इंच रिकामे ठेवा. त्यापुढे दीड-दीड फुटावर सर्पपर्णी (स्नेक प्लांट), साधारण १७ रोपं. पायवाटेच्या कडेला ९ इंचांवर रिओ, ३३ रोपं. पानं खालून जांभळी असल्याने फुलांवाचूनही कडा उठून दिसते. मधल्या फटींत पावसाळी लिलीचे कंद सात-आठच्या पुंजक्याने, २ इंच खोल लावा. पहिल्या जोरदार सरीनंतर त्या फुलतील.

लागवड पहिले चांगले पाऊस झाल्यावर करा, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं खोल जातील. सलग चर खणू नका, त्यात कुंपणाच्या मोठ्या मुळ्या तुटतात. वीतभर रुंद आणि वीतभर खोल खड्डे घ्या. आड येणाऱ्या बारीक मुळ्या कात्रीने कापा. अंगठ्याएवढं जाड मूळ लागलं तर खड्डा थोडा सरकवा. निघालेल्या मातीत दोन ओंजळी कुजलेलं शेणखत पुरे. युरिया अजिबात नको. वरून पालापाचोळ्याचा तीन बोटं थर द्या, पण सर्पपर्णीच्या बुडाशी तो चिकटू देऊ नका, बूड कुजतं. मातीची भर घालून पट्टी उंच करण्याचा मोहही टाळा. मेंदीच्या खोडाला माती लागली की साल कुजते.

ठिबकची नळी पायवाटेच्या बाजूने टाका. उन्हाळ्यात पाच दिवसांतून एकदा, ताशी ४ लिटरच्या तोट्या तासभर चालू ठेवा. रोज थोडंथोडं दिलेलं पाणी मुळ्यांना वरच ठेवतं. दरवर्षी जूनमध्ये कुंपणापासून ९ इंचांवर धारदार कुदळीने वीतभर खोल उभी रेघ मारा. पट्टीत घुसणाऱ्या मुळ्या तिथेच तुटतात.

प्रश्न: आमची पट्टी कुंपणाच्या दक्षिणेला आहे, दिवसभर ऊन. नर्सरीत पिवळ्या फुलांची वेडेलिया सुचवली. लावू का?

उत्तर: नको. तिच्या प्रत्येक पेऱ्याला मुळं फुटतात, वर्षभरात ती कुंपणात शिरते आणि मग उपटून निघत नाही. त्याऐवजी मागे कोरांटी, मध्ये सदाफुली आणि कडेला चिनी गुलाब लावा. सदाफुलीच्या बुडाशी पाणी साचू देऊ नका, ती कोरड्यापेक्षा ओलीनेच जास्त मरते.