बारा वर्षांच्या मुलाला ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा गोळीबाराचा व्हिडिओ गेम घेऊन द्यावा का?

नाही. अजून पाच-सहा वर्षं तरी नाही.

वर्गातली सगळी पोरं खेळतात म्हणून मुलगा हट्ट करतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर मला काही बोलायचं नाही, वर्गातली पोरं काय काय करतात हे सगळ्या आईबापांना माहीत असतं. पण प्रश्नाच्या शेवटी त्याचं एक वाक्य दिलंय: ‘मला आर्मीत जायचंय, त्याची तयारी होईल.’ हे वाचून राहवलं नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार म्हणून निवृत्त झालोय, आणि हेच वाक्य आमच्या दाजींच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

2010 च्या उन्हाळ्यात गावच्या यात्रेसाठी रजेवर आलो होतो. मधे ताईकडं कराडला मुक्काम. भाचा तेव्हा सातवीत. दाजींनी त्याला नवा कॉम्प्युटर घेऊन दिला होता आणि त्यावर ‘कॉल ऑफ ड्यूटी’मधलाच ‘मॉडर्न वॉरफेअर 2’ चालू होता. डीव्हीडी कुठून तरी कॉपी करून आणलेली, वर मार्करनं नाव लिहिलेलं. ज्या खोक्यावर खेळायचं वय छापलेलं असतं ते खोकं त्या घरात आलंच नव्हतं. मी चहाचा कप घेऊन त्याच्या मागं उभा राहिलो. पडद्यावर विमानतळ. लिफ्टमधून काही माणसं बाहेर पडतात, समोर सुरक्षा तपासणीच्या रांगेत बायाबापड्या सामान घेऊन उभ्या, आणि मशिनगन सुरू होतात. त्यांतली एक माझ्या भाच्याच्या हातात.

सीएसटीवरच्या 26/11 ला तेव्हा दीड वर्षंही झालं नव्हतं. ती चित्रं आम्ही युनिटमध्ये टीव्हीवर पाहिली होती, हात बांधल्यासारखे बसून.

विचारलं, “हे काय चाललंय रे?”

“मामा, मी त्यांच्यातला नाहीये. मी अमेरिकेचा माणूस आहे, गुपचूप त्यांच्यात घुसलोय. संशय येऊ नये म्हणून मारावं लागतं.”

“आणि नाही मारलं तर?”

“तसं कुठं असतंय?”

“करून बघ की.”

त्यानं मिशन पहिल्यापासून लावलं. ट्रिगरवरून बोट काढून नुसता त्या टोळीबरोबर चालत राहिला. काही झालं नाही. कुणी त्याला ओळखलं नाही, मिशन अडलं नाही. पुढं पोलिसांशी चकमक होते ती वेगळी, पण त्या रांगेवर एकही गोळी न झाडता पुढं जाता येतं. पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. त्याला हे माहीतच नव्हतं. हे मिशन वगळायचंय का, असंही गेम सुरुवातीलाच विचारतो. बारा वर्षांचं पोर तो इंग्रजी मजकूर वाचत बसतंय होय? दणादण बटणं दाबून पुढं जातं. बनवणाऱ्यांना आपण काय बनवलंय ते पुरेपूर कळत होतं. रशियातल्या आवृत्तीतून ते मिशन काढून टाकलं होतं, जपान आणि जर्मनीत सामान्य माणसावर गोळी चालवली की मिशन फेल. आपल्या पोरांच्या हातात मात्र सगळं जसंच्या तसं.

रात्री जेवताना मी विषय काढला. दाजींनी भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काय फौजी, तू खरी बंदूक घेऊन हिंडतोस आणि माझ्या पोराला खोटी चालत नाही? अरे, त्याची तयारी चाललीय. तुझ्यासारखाच होईल.” ताईनं विषय बदलला. मी हात धुवायला उठलो.

ते उत्तर तेव्हा गिळलं, ते आज इथं देतो.

दाजी, आमच्याकडं रायफल कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, कुलपात असते. नंबर बघून, सही करून घ्यायची, साफ करून परत करायची. फायरिंगच्या दिवशी अर्धा दिवस वाट बघण्यात जातो: लाल झेंडा, सेफ्टीच्या सूचना, समोरच्या मातीच्या बांधावर, म्हणजे बटवर, निशाण लावणारी पार्टी. मग पाच गोळ्यांचं ग्रुपिंग, म्हणजे पाचही जवळजवळ लागल्या पाहिजेत. आणि त्यानंतर काय? खाली पडलेली काडतुसांची रिकामी खोकी वेचायची. जितक्या गोळ्या दिल्या तितकी खोकी मोजून परत द्यायची, एक कमी पडलं तर सगळी कंपनी गवतात वाकून शोधत बसते. एका गोळीचा हिशेब सुटत नाही तिथं. इन्सासची मॅगझिन 20 गोळ्यांची, आणि ती रायफल ‘धडधडधड’ चालतच नाही, फार तर तीन गोळ्यांचा बर्स्ट. गेममधला गडी धावता धावता शंभर गोळ्या उधळतो, मरतो, आणि काही सेकंदांत पुन्हा उभा. संतरी ड्युटी नाही, पहाटे हत्यार घेऊन सज्ज राहायचा स्टँड-टू नाही, रजा रद्द झाल्याची चिठ्ठी नाही, जोडीदाराचं सामान बांधून त्याच्या घरी पाठवणं नाही. ही तयारी? भरतीच्या मैदानावर पूर्ण गुण हवे असतील तर 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत पळावं लागतं आणि बीमवर दहा पुलअप्स मारावे लागतात. तुमच्या मुलाला खरंच तयारी करायची असेल तर पहाटे उठवा. बघा, दोन दिवसांत हट्ट कुठं जातो ते.

आता दाजींच्या बाजूनंही एक गोष्ट सांगतो, नाहीतर तेच सांगतील. अमेरिकेच्या लष्करानं 2002 मध्ये ‘अमेरिकाज् आर्मी’ नावाचा गेम स्वतः काढला होता, फुकट, तरुणांना भरतीकडं ओढण्यासाठी. 2022 पर्यंत चालू होता. त्यात मेडिक व्हायचं तर बसून लेक्चर ऐकून परीक्षा द्यावी लागे, आणि आपल्याच माणसांवर गोळ्या झाडत राहिलात तर थेट लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगात. एवढी शिस्त मला आवडली. पण त्याचं रेटिंग होतं 13 वर्षांपासून पुढं. तेरा वर्षांच्या पोराला भरतीची जाहिरात खेळायला द्यायची, हे मला पटत नाही, मग ती कुठल्याही देशाच्या फौजेची असो.

गेम खेळून पोरं खुनी होतात, असं मी म्हणत नाही, तो माझा विषयही नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं 2020 मध्ये सांगितलंय की अशा गेममुळं प्रत्यक्ष हिंसाचार होतो म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी मात्र थोडासा संबंध दिसतो. तेवढं घरोघरी दिसतंच. ‘अभ्यासाला बस’ म्हणून बघा गेम चालू असताना.

तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर: खोक्यावरचं किंवा ॲपखालचं वय बघा. ‘कॉल ऑफ ड्यूटी’चे कॉम्प्युटर-कन्सोलवरचे मुख्य गेम अमेरिकेत 17 आणि युरोपात 18 वर्षांपुढच्यांसाठी असतात, आणि ते वय लावणारे लोक काही माझ्यासारखे खडूस हवालदार नसतात. अगदीच माघार घ्यावी लागली तर ‘फोर्टनाइट’सारखं काहीतरी बघा, युरोपात ते 12 ला चालतं. व्हॉइस चॅट, म्हणजे खेळता खेळता बोलायची सोय, आधी बंद करा. बंदुकीपेक्षा मला तिथल्या शिव्यांची जास्त काळजी वाटते. मोबाईलवर बीजीएमआय (पबजीची भारतातली आवृत्ती) असेल तर अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, पण पोरं बापाच्या नावानं खातं काढतात. आणि काहीही दिलंत तरी पहिले काही दिवस मागं खुर्ची टाकून बसा.

भाचा आता पुण्यात आयटीत आहे. फौजेत गेला नाही, कुणाचा खूनही केला नाही, रविवारी अजून खेळतो. दाजी म्हणतात, “बघ, काय वाकडं झालं?” मी म्हणतो, वाकडं झालं नाही म्हणून सातवीतल्या पोरानं ते विमानतळ खेळावं, हे कुठून आलं? दाजी इथं लिहीत नाहीत, पण वाचतात. त्यांनी खाली काही लिहिलंच तर तुम्ही मधे पडू नका, मी बघतो.