पाळणाघराला जवळजवळ अर्धा पगार जातो. नोकरी सोडू का?

घाईने सोडू नका. फी फक्त तुमच्या पगारातून वजा करताय, तिथेच हिशोब चुकतोय. मूल दोघांचं आहे, खर्चही दोघांच्या पगारातून धरा. बुडणारा पीएफ, थांबलेली पगारवाढ, तीन वर्षांनी पुन्हा नोकरी शोधताना होणारी दमछाक, हेही त्याच कागदावर लिहा.

मला पैशापेक्षा वेळेने जास्त छळलं. आमचं पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले की ताईंचा फोन यायचा, आणि पोचेपर्यंत लेक चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसलेली असायची. तो चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. शेवटी सकाळी सोडायचं काम नवऱ्याने घेतलं, मी आठलाच ऑफिस गाठून पाचला निघायला लागले. पगार तेवढाच राहिला, पण जीव भांड्यात पडला.

आणखी एक. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यावं, ही तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली. राजीनाम्याआधी एचआरला याबद्दल विचारा, आणि तोंडी नको, मेलवर.