लोहाराचा पंखा आणि विमानाचं इंजिन

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातली पिस्टन इंजिनची विमानं वीस-पंचवीस हजार फुटांवर लढायची म्हणे. तिथं हवा विरळ. आमची भरलेली जीप तर कन्नडच्या घाटातच धापा टाकते! मग त्यांची ताकद कशी टिकायची? – एक वाचक, परतूर

उत्तर : आधी घाटाचं. तुमच्या जीपला हवा नाही, चढ नडतो. सुमारे 18,000 फुटांवर मात्र हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. सिलिंडर तेवढाच, पण घोटात हवा कमी. मग पेट्रोलही कमीच जळणार.

लातूरला आयटीआयमध्ये शिकवायचो तेव्हा हा धडा आला की मी पोरांना लोहाराकडे न्यायचो. मृगाच्या तोंडावर तिथं फाळ-खुरप्यांची रास. पंख्याची मूठ सावकाश फिरते, आतल्या दात्यांमुळे पातं मात्र गरगरतं आणि भट्टीत हवा कोंबतं. सुपरचार्जर म्हणजे हेच. मूठ एखाद्या पोराच्या हातात दिली की पाच मिनिटांत दंड भरून यायचा. विमानात ही मूठ खुद्द इंजिनच फिरवतं, क्रँकशाफ्टवरून, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्यावरून, गिअर लावून. त्यात त्याची बरीच ताकद खर्ची पडते.

टर्बो हा त्याचाच भाऊ; त्यात पंखा फिरवायचं काम इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराकडून करून घेतात. 1918 साली सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरनं अमेरिकेत पाइक्स पीक या सुमारे 14,000 फुटी डोंगरावर लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन नेलं. खाली 350 अश्वशक्ती देणारं ते वर सुमारे 230 वर आलं. टर्बो जोडताच पुन्हा साडेतीनशेच्या वर!

पण हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपासारखी. म्हणून 1942 च्या स्पिटफायर मार्क नऊ या ब्रिटिश लढाऊ विमानातल्या मर्लिन 61 इंजिनाला हवा दोनदा दाबून मग थंड करणारा इंटरकूलर होता. पंख्याला वेगही दोन. वरच्या गिअरमध्ये तो क्रँकच्या आठपट फिरायचा.

गंमत म्हणजे जमिनीलगत अशा इंजिनाचा गळा आवळूनच ठेवावा लागतो. तिथं पूर्ण हवा कोंबली तर इंजिन ठोकतं, म्हणजे आतलं मिश्रण भलत्या वेळी भडकतं, पिस्टनला भोक पडतं. जसजसं वर जावं, तसतसा थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, उघडत न्यायचा. तो पुरता उघडला की त्याच्या वर ताकद पुन्हा घटायला लागते.

तुमच्या जीपला टर्बो असेल तर सायलेन्सरच्या नळीच्या मुळाशी गोगलगायीसारखा दिसेल. इंजिन थंड झाल्यावरच हात लावा; माझ्या मनगटावर अजून डाग आहे.