पायाखालचं कार्पेट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

फ्लोअरिंगवर प्रश्न मागवले होते तर निम्म्याहून जास्त कार्पेटबद्दलच आले, म्हणून या वेळचा कॉलम सगळा त्यालाच दिलाय. घरातल्या गालिच्याचे प्रश्न बाजूला ठेवलेत, इथे फक्त ऑफिस, हॉटेल, लायब्ररी, हॉल अशा जागा, जिथे दिवसभर लोकांची ये-जा असते.

प्रश्न: आमचं ऑफिस नवीन जागेत जातंय, 60 माणसं आहोत. सप्लायरने तीन सॅम्पल दिली, एक छान जाड आणि मऊ, दोन पातळ आणि कडक. सगळ्यांना मऊ आवडलंय पण सप्लायर म्हणतो पातळ घ्या. त्याला जुना माल खपवायचा असेल का?

नाही हो, तो बरोबर सांगतोय. सॅम्पल आपण हातात घेतो, त्यावर बोटं फिरवतो आणि बोटांना लांब मऊ धागाच आवडणार. पण ऑफिसात त्याच्यावर खुर्च्यांची चाकं फिरणार आहेत, 60 खुर्च्या, प्रत्येकीला पाच चाकं, आणि माणूस बसल्या बसल्या दिवसातून कितीदा मागेपुढे सरकतो ते एकदा बघा. लांब धागा वजनाखाली आडवा पडतो, पडत पडत टेबलापाशी चपटे गोल पट्टे उमटतात, लोकांना वाटतं डाग आहे म्हणून धुवायला देतात आणि धुऊनही ते जात नाहीत कारण तिथे डाग नसतोच, धागाच मोडलेला असतो. आखूड आणि दाट धागे एकमेकांना टेकून उभे राहतात, ते लवकर बसत नाहीत. त्यामुळे जाडी किती यापेक्षा दाट किती हे विचारा. दोन कार्पेटमध्ये धाग्याचं वजन सारखं असेल तर ज्याचा धागा आखूड ते जास्त दाट.

घरबसल्या करायची एक परीक्षा सांगते. सॅम्पल धाग्याची बाजू बाहेर ठेवून मधोमध वाकवा आणि घडीवर खालचं बॅकिंग, म्हणजे ज्या थरात धागे रोवलेले असतात तो थर, किती दिसतंय बघा. जितकं जास्त उघडं दिसेल तितकं कार्पेट विरळ. तुमच्या तिन्ही सॅम्पलवर करून बघा, सप्लायरशी वाद घालायची गरजच राहणार नाही.

ऑफिससाठी मी लूप पाईलच घ्यायला सांगते, म्हणजे ज्यात धागा वर येऊन वळून परत खाली जातो, टोकं कापलेली नसतात. कट पाईल, म्हणजे टोकं कापलेलं, दिसायला श्रीमंत, पण ते मोठ्या साहेबांच्या केबिनपुरतं ठीक. लूपचा एक दोष आहे, कशात तरी अडकून धागा ओढला गेला की ओळच्या ओळ उसवू शकते, म्हणून स्वच्छतेच्या माणसांना आधीच सांगून ठेवा की वर आलेला धागा ओढायचा नाही, कात्रीने कापायचा. आणि लेबल वाचा. युरोपियन वर्गवारीत 21 ते 23 हे आकडे घरगुती वापराचे, 31 ते 33 व्यावसायिक वापराचे, त्यात 33 सगळ्यात जड वापराचा. चाकांच्या खुर्चीचं छोटं चित्र लेबलवर वेगळं असतं, ते नसेल तर 33 असूनही खुर्च्यांखाली घालू नका.

प्रश्न: नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर, लोकर… यातलं नक्की चांगलं कुठलं?

रोजच्या जड वापराला नायलॉन. त्याचा धागा दबला तरी परत उभा राहतो आणि हाच गुण बाकीच्या कृत्रिम धाग्यांत कमी पडतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पाणी शोषत नाही म्हणून पाण्यातले डाग त्यावर टिकत नाहीत, पण तेलकट घाण मात्र घट्ट धरून ठेवतं आणि दबलं की दबलं. शिवाय ते साधारण 165 अंश सेल्सिअसला वितळतं, जड कपाट ओढत नेलं तर घर्षणाच्या उष्णतेनेसुद्धा चकचकीत ओरखडा उठू शकतो जो निघत नाही. नायलॉन त्यामानाने बरंच वर, प्रकाराप्रमाणे 220 ते 260 अंशांच्या आसपास वितळतं. पॉलिएस्टरवर रंग सुंदर दिसतात, डागही कमी धरतं, पण गर्दीच्या वाटेवर चपटं होतं, तेव्हा ते कमी वर्दळीच्या खोलीला द्या.

लोकरीची गोष्ट वेगळी. ती सहज पेट घेत नाही, वितळून गळत नाही, आणि वर्षानुवर्षं देखणी राहते, म्हणून मोठ्या हॉटेलांत अजूनही 80 टक्के लोकर आणि 20 टक्के नायलॉन असं मिश्रण विणून घेतात. पण तिला कसर लागू शकते आणि ब्लीच अजिबात चालत नाही, ब्लीचने लोकर अक्षरशः विरघळते. तुमची सफाईची टीम सगळीकडे एकच द्रावण वापरत असेल तर लोकरीच्या नादी लागू नका.

यात अजून एक शब्द लक्षात ठेवा, सोल्युशन डाइड. धागा बनवतानाच रंग आत मिसळलेला असतो, लाल मुळ्यासारखं वरून लाल आतून पांढरं नाही तर गाजरासारखं आतपर्यंत एकच रंग. उन्हाने, कडक क्लीनरने तो सहसा उतरत नाही. ज्या खिडकीतून दिवसभर ऊन येतं तिथे हेच घ्या.

प्रश्न: हॉटेलच्या कॉरिडॉरला रोल घ्यावा की टाईल्स?

टाईल्स म्हणजे इथे कार्पेटचेच सुटे चौकोनी तुकडे. खोल्यांमध्ये रोल आणि खाली अंडरले, म्हणजे कार्पेटखालचा मऊ थर, कारण अनवाणी पायाला तो मऊपणा लागतो आणि खालच्या मजल्यावर पावलांचा आवाजही कमी जातो. कॉरिडॉरमध्ये मात्र थोडा विचार करावा लागतो. रोल साधारण 12 फूट किंवा 4 मीटर रुंदीचा येतो, म्हणजे बहुतेक कॉरिडॉर लांबीला सांधा न देता झाकले जातात आणि नक्षी अखंड दिसते. पण लिफ्टच्या दारासमोरचा तुकडा बाकीच्यापेक्षा खूप आधी झिजतो, तिथे लोक उभे राहतात, वळतात, बॅगांची चाकं जागच्या जागी फिरवतात, आणि रोल असेल तर ठिगळ लावावं लागतं जे लगेच दिसतं. माझं मत, लिफ्ट लॉबीत टाईल्स आणि पुढे रोल, रंग जुळवून. आणि चादरी-टॉवेलांच्या ट्रॉल्या फिरतात तिथे खाली जाड स्पंज नको, ढकलणाऱ्या माणसाच्या पाठीचे हाल होतात, हा विचार निवड करताना कोणी करतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

टाईल्स घेतल्या तर ऑर्डर देतानाच थोड्या जास्तीच्या घेऊन ठेवा, त्याच डाय लॉटच्या म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या, नंतर मागवल्या की शेड जुळत नाही. तरीसुद्धा पाच वर्षांनी नवी टाईल जुन्यांच्या मधोमध बसवली तर ती उठून दिसते. म्हणून झिजलेल्या जागी कपाटाखालची किंवा कोपऱ्यातली टाईल आणून लावायची आणि नवी त्या कोपऱ्यात टाकायची. टाईलच्या मागे बाण असतो, लावताना सगळे बाण कसे ठेवायचे, एका दिशेने की एकाआड एक फिरवून, हे कारागिरासोबत आधी ठरवा, दोन्हीत जमीन पूर्ण वेगळी दिसते.

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी रिसेप्शनला फिकट राखाडी कार्पेट टाकलं. दारापासून काउंटरपर्यंत काळपट पट्टा पडलाय. शॅम्पू केलं, चार दिवसांत पुन्हा तेच. रंग चुकला का?

रंग थोडा चुकला, एकरंगी फिकट कार्पेट दारात टिकत नाही, बारीक मिश्र रंगाचं हवं होतं. पण खरी अडचण दारात आहे. बुटांसोबत जी बारीक वाळू येते तिचे कण धारदार असतात, ते धाग्याच्या मुळाशी जाऊन बसतात आणि प्रत्येक पावलागणिक धाग्याला खरवडतात. खरवडलेल्या धाग्यावर प्रकाश नीट परावर्तित होत नाही म्हणून तो भाग मळका दिसतो, आणि ती मळकट छटा कुठल्याच शॅम्पूने जाणार नाही. शिवाय शॅम्पूचा साबण नीट निघाला नसेल तर चिकटपणा राहतो आणि धूळ आणखी पटकन धरते. गरम पाण्याच्या एक्स्ट्रॅक्शनने, म्हणजे पाणी फवारून लगेच परत ओढून घेणाऱ्या मशीनने, एकदा नुसत्या पाण्याने खंगाळून घ्या, थोडा फरक पडेल.

पुढच्यासाठी, दाराबाहेर खरखरीत जाळीचं मॅट, आत माती आणि ओल दोन्ही टिपणारं मॅट, आणि दोन्ही मिळून माणसाची पाच-सहा पावलं तरी त्यावर पडली पाहिजेत. दारापुढे टाकतात ते छोटं पायपुसणं लोक एका ढांगेत ओलांडून जातात. व्हॅक्यूम या वाटेवर रोज, इतर ठिकाणी आठवड्यातून दोनदा चालेल.

प्रश्न: तळमजल्यावर टाईल्सचे कोपरे वर आलेत आणि कुबट वास येतोय. गोंद खराब होता का?

बहुतेक वेळा गोंदावर आळ येतो आणि दोषी असते खालची ओल. काँक्रीट वरून कोरडं दिसतं पण आत पाणी असतं, ते हळूहळू वर येतं, सोबत सिमेंटचा क्षार आणतं आणि तो गोंद खाऊन टाकतो. मी स्वतः एका हॉलच्या कामात उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून कोबा नीट वाळायच्या आत कार्पेट टाकू दिलं होतं आणि तीन महिन्यांत सगळं उचलावं लागलं, ते दिवस मी विसरलेले नाही. ढोबळ हिशोब असा की चांगल्या हवेत काँक्रीट वाळायला दर इंच जाडीला एक महिना लागतो. पक्कं तपासायचं तर स्लॅबला भोक पाडून, जाडीच्या 40 टक्के खोलीवर आर्द्रता मोजणारा प्रोब बसवतात, आणि येणारा आकडा गोंदाच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेत हवा. तुम्ही आधी काही टाईल्स उचला, ओल कुठून येतेय ते शोधा, पाईप गळतोय का तेही बघा, ते झाल्याशिवाय नवा गोंद लावू नका.

प्रश्न: आगीचं सर्टिफिकेट मागायचं म्हणजे काय मागायचं?

युरोपियन पद्धतीत बीएफएल-एस1 किंवा सीएफएल-एस1 असं लिहिलेलं असतं, बी हा सीपेक्षा वरचा आणि एस1 म्हणजे धूर कमी. अमेरिकन पद्धतीत क्लास वन म्हणजे कार्पेटवर ज्वाळा पसरत राहायला 0.45 वॅट प्रति चौरस सेंटीमीटर किंवा जास्त उष्णता लागते. जिन्याकडे आणि बाहेर पडायच्या वाटेवर वरचा वर्गच घ्या, आणि तुमच्या इमारतीला कुठला लागू आहे ते फायर विभागाकडून लेखी घ्या. मुख्य म्हणजे चाचणी त्याच बॅकिंगवर आणि त्याच पद्धतीने बसवून झालेली हवी, खाली वेगळा स्पंज घातला तर तो कागद तुमच्या कामाचा नाही.

प्रश्न: लायब्ररीत व्हीलचेअरवरून येणारे आणि वयस्कर वाचक बरेच आहेत. कार्पेट टाकावं का?

टाका, शांतता मिळते, आणि कोणी पडलंच तर मार कमी लागतो. पण धाग्याची उंची अगदी कमी ठेवा. अमेरिकेच्या सुगम्यतेच्या नियमात जास्तीत जास्त 13 मिलिमीटर चालते, मी म्हणेन त्याच्या निम्म्याच्याही खाली राहा, पुस्तकांच्या ट्रॉल्याही सहज सरकतील. खाली सुटा अंडरले नको, थेट चिकटवलेलं हवं, आणि कडा पट्टीने बंद केलेल्या. नक्षी निवडताना गडद मोठे ठिपके आणि पट्टे टाळा, नजर कमी झालेल्या माणसाला गडद ठिपका खड्डा वाटतो आणि आडवा पट्टा पायरी वाटतो, तो तिथेच अडतो. खऱ्या पायऱ्यांच्या कडा मात्र उठून दिसतील अशा वेगळ्या रंगाच्या ठेवा. आणि सॅम्पल जमिनीवर पसरून, लायब्ररीच्याच दिव्यात, तुमच्या दोन-चार वयस्कर वाचकांना त्यावरून चालायला सांगून मगच ऑर्डर द्या.