लिझेलोटचं माहेर कुणी जाळलं?

तुम्ही विचारलंय की जर्मनीतल्या हायडेलबर्गचा पडका किल्ला दाखवताना गाईड म्हणाला, "हे सगळं लिझेलोटच्या हुंड्यापायी जळलं." ते खरं का? आणि नवऱ्याचं मन दुसरीकडेच होतं, तर ती सरळ माहेरी का निघून आली नाही?

मी हायडेलबर्गच्या शेजारी मानहाइमला बरीच वर्षं राहिले. जर्मन जरा बरं वाचता यायला लागल्यावर तिची पत्रं हाती आली, ती अजून सुटलेली नाहीत. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हुंडा नव्हे, वारसा. लिझेलोट म्हणजे एलिझाबेथ शार्लोट, जन्म १६५२, हायडेलबर्ग. वडील कार्ल लुडविग हे फाल्त्सचे, म्हणजे हायडेलबर्गभोवतालच्या राज्याचे, इलेक्टर, म्हणजे जर्मन सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या राजांपैकी एक. तीस वर्षांच्या युद्धात फाल्त्स उद्ध्वस्त झालं होतं आणि ते पुन्हा वसवण्यात त्यांचं आयुष्य चाललं होतं. शेजारी फ्रान्सचा राजा चौदावा लुई बळावत होता. त्याच्या धाकट्या भावाची, फिलिपची, पहिली बायको १६७० मध्ये वारली आणि लिझेलोटच्या एका विधवा काकूनं ही सोयरीक जुळवली. मुलगी फ्रान्सच्या राजघराण्यात गेली की फ्रेंच फौजा आपल्याकडे वळणार नाहीत, असा वडिलांचा हिशोब होता. एकोणीस वर्षांची मुलगी नोव्हेंबर १६७१ मध्ये मेत्झला नेली, प्रोटेस्टंटची कॅथलिक केली, आणि नवरा हजर नसतानाच प्रतिनिधीमार्फत लग्न लावून दिलं. स्ट्रासबुर्गपासून शालोंपर्यंत रात्रभर रडत गेले, असं तिनंच पुढे लिहिलंय. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच, १६७४ मध्ये, फ्रेंच सैन्यानं फाल्त्समधली गावं जाळली. ढाल म्हणून दिलेली मुलगी पहिल्याच वाराला कामी आली नाही.

नवऱ्याबद्दल. फिलिपचा जीव पुरुषांवर होता, त्यातही शेवालिए द लोरेन या सरदारावर. नटण्यामुरडण्याची, दागिन्यांची हौस होती. पण त्याला नुसता नटवा ठरवू नका, १६७७ ची कासेलची लढाई त्यानं जिंकली होती. पत्रं वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्याचं मन कुणावर आहे याचा तिला फारसा सल नव्हता. तीन मुलं झाली, थोरला लहानपणीच गेला, आणि १६७६ मध्ये धाकटी मुलगी झाल्यावर दोघांनी संमतीनं खोल्या वेगळ्या केल्या, तेव्हा तिला सुटल्यासारखंच वाटलं. तिला जाच होता तो त्याच्या भोवतालच्या मंडळींचा. ते पैसा उधळायचे, कान भरायचे, तिच्या विश्वासातल्या बाईला कामावरून काढायला लावायचे. घरात मान नाही, हाती पैसा नाही, आणि मुलाच्या संगोपनात आपलं काही चालत नाही, हे तिचं दुःख. १६९२ मध्ये लुईनं आपली अनौरस मुलगी तिच्या मुलाला द्यायचं ठरवलं आणि मुलानं मान डोलावली. तेव्हा तिनं दरबारादेखत त्याच्या थोबाडीत मारल्याचं एका दरबाऱ्यानं लिहून ठेवलं आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ती निघून का आली नाही.

प्रयत्न केला होता. पॅरिसजवळच्या मोब्युइसों मठात तिची एक आत्या मठाधिपती होती. तिच्याकडे जाऊन राहू द्या, अशी १६८२ च्या सुमारास तिनं दिराकडे, म्हणजे खुद्द लुईकडे, परवानगी मागितली. तो नाही म्हणाला. तू 'मादाम', म्हणजे राजाच्या भावाची बायको, हा दरबारी मान तुझा आहे, ते पद सांभाळायलाच हवं. तू माझी भावजय आहेस, मला तुझी माया आहे. आणि तू माझ्या भावाची बायको आहेस, त्याची बेअब्रू मी होऊ देणार नाही. अशी त्यानं दिलेली कारणं. माहेरी जाण्याचं तर नावच नको. वडिलांनी स्वतःच्या बायकोला, तिच्या आईला, बाजूला सारून दुसरं लग्न केलेलं. त्या भांडणातून बाहेर काढायला सात वर्षांच्या लिझेलोटला हानोफरला सोफी आत्याकडे पाठवलं होतं. तिथली चार वर्षं हाच तिच्या आयुष्यातला सुखाचा काळ. वडील १६८० मध्ये गेले, भाऊ १६८५ मध्ये. भावाला मूल नव्हतं. गादी दुसऱ्या, कॅथलिक शाखेकडे गेली. परत जायला घर उरलं नाही, ते असं.

आणि इथेच तुमच्या गाईडची गोष्ट सुरू होते. लग्नाच्या करारात तिनं राज्यावरचा हक्क सोडला होता. तरी भाऊ जाताच लुईनं तिच्या नावानं फाल्त्सच्या वारशावर दावा ठोकला. १६८८ च्या शरद ऋतूत फौजा ऱ्हाइन ओलांडून आल्या. मार्च १६८९ मध्ये हायडेलबर्ग पेटवलं, मानहाइम पाडून सपाट केलं, पुढे श्पायर आणि वर्म्स. त्यामागचं खरं कारण लष्करी होतं. शत्रूच्या फौजेला या पट्ट्यात दाणा, चारा, निवारा मिळू नये म्हणून युद्धमंत्री लूव्वानं तो ठरवून उजाड करवला. लिझेलोटचं नाव नुसतं दाव्याच्या कागदावर होतं. पण तिला ते नुसतं कागदावरचं कसं वाटणार? ज्या गल्ल्यांत ती वाढली, तिथली माणसं थंडीत उघड्यावर आली, तीही तिच्या नावानं.

तुम्ही तिचं एकच पत्र वाचणार असाल तर २० मार्च १६८९ चं वाचा, सोफी आत्याला लिहिलेलं. ती लिहिते की जीव घेतला तरी मला या गोष्टीचं दुःख झाल्याशिवाय राहणार नाही, कारण माझ्या देशाच्या नाशाला मी निमित्त झाले. रोज रात्री जरा डोळा लागला की मी हायडेलबर्गला किंवा मानहाइमला असते, सगळा विध्वंस समोर दिसतो, दचकून जाग येते आणि दोन दोन तास झोप नाही. या दोन शहरांसाठी तिनं पदर पसरला होता, तरी नेमकी तीच जाळली. वर दरबारात तिच्या रडण्यावरही लोक नाराज. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मानहाइममध्येच बसले होते. त्या दिवशी पुढचं पान मला उलटवलं नाही.

१७०१ च्या जूनमध्ये नवरा गेला. तिला मठात धाडतील ही तिची मोठी भीती होती, पण लुईनं तिला दरबारात राहू दिलं. नवऱ्याच्या पेट्यांत त्याच्या लाडक्यांची पत्रं निघाली. ती तिनं न वाचता जाळली, कुणाच्या हाती पडून त्याची नाचक्की होऊ नये म्हणून. तीस वर्षांच्या अशा संसारानंतर! माझ्या मनात तिच्याबद्दल आदर आहे तो यासाठी.

पुढे मुलगा फ्रान्सचा रीजंट, म्हणजे अज्ञान राजाच्या वतीनं कारभार पाहणारा, झाला. ती १६७१ नंतर कधीच हायडेलबर्गला गेली नाही आणि १७२२ मध्ये सँ-क्लूला वारली. तिनं आयुष्यभरात साठ हजारांच्या आसपास पत्रं लिहिली असावीत असा अंदाज आहे. उरली त्यातली थोडीच, तरी ती काही हजार आहेत. टपाल फोडून वाचलं जातं हे माहीत असूनही ती लिहीतच राहिली, बहुतेक जर्मनमध्येच. म्हातारपणीच्या एका पत्रात ती हायडेलबर्गच्या डोंगरावर पहाटे पाचला पावाच्या तुकड्याबरोबर खाल्लेल्या चेरींची आठवण काढते.

पुन्हा गेलात तर किल्ल्यावरून खाली उतरून बाजारातल्या हायलिगगाइस्ट चर्चमध्ये जा. फाल्त्सच्या राजांना तिथे पुरत असत, तिच्या वडिलांनाही. १६९३ मध्ये फ्रेंच पुन्हा आले तेव्हा ती थडगी फोडली. त्या सगळ्यांतलं राजा रुप्रेख्त आणि त्याच्या राणीचं एकच आज उभं आहे.