माशाचं रक्त सांगेल पाण्याचा दोष

प्रश्न : नांदेडला गोदावरीत नाल्यांचं पाणी मिसळतं. त्याने माशांच्या जनुकांना इजा होते का, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासता येईल का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नक्की येईल. सूक्ष्मकेंद्रक चाचणी करा. जनुकांना इजा झाली की पेशी विभागताना गुणसूत्राचा तुटका तुकडा मुख्य केंद्रकाबाहेर राहतो; तेच सूक्ष्मकेंद्रक. माशाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक असतं, म्हणून थेंबभर रक्त पुरतं. हेपारिन (रक्त गोठू न देणारं द्रव्य) लावलेल्या सिरिंजने शेपटीच्या शिरेतून रक्त घ्या. पातळ लेप पसरून वाळवा, मिथेनॉलमध्ये १० मिनिटं ठेवा, मग ५ टक्के गिम्सा या रंगद्रावणात अर्धा तास. हजारपट मोठं करून दर माशाच्या किमान २००० पेशी तपासा आणि त्यांतल्या सूक्ष्मकेंद्रक असलेल्या मोजा.

खरी गफलत मोजताना होते. रंगाचे कण हुबेहूब सूक्ष्मकेंद्रकासारखे दिसतात. फोकस जरा फिरवा : कण चकाकतो, वेगळ्या पातळीवर दिसतो. खरं सूक्ष्मकेंद्रक मुख्य केंद्रकाच्या एक-तृतीयांशाहून लहान, गोल, सुटं आणि त्याच रंगाचं असतं. गिम्सा आधी गाळून घेतलात तर बराच त्रास वाचेल.

तुलनेसाठी स्वच्छ पाण्यातले, त्याच जातीचे आणि वयाचे मासे हवेतच. त्यांना क्लोरीनचं नळपाणी नको. आणि दोन दिवसांत काही दिसलं नाही म्हणून पाणी निर्दोष ठरवू नका. पेशी विभागून रक्तात उतरायला वेळ लागतो.