डिलिव्हरी मॅनेजर होऊ की कोडच लिहीत राहू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी 38 वर्षांची, हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत कॅम्पसमधून लागले ती अजून तिथंच, 15 वर्षं 5 महिने झाले. काम जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, आणि गेली बरीच वर्षं एकाच लाइफ इन्शुरन्स क्लायंटच्या पॉलिसी सिस्टिमवर. आता मॅनेजर म्हणतोय डिलिव्हरी मॅनेजर हो, बँड वाढेल, पगारात फार फरक नाही. दुसरीकडे खराडीत एका परदेशी विमा कंपनीचं कॅप्टिव्ह, म्हणजे तिचं स्वतःचंच इथलं आयटी ऑफिस आहे, तिथं सीनियर डेव्हलपर म्हणून 30 टक्के हाइक देतायत, पण हाताखाली कुणी नाही. घरचे म्हणतात एवढ्या वर्षांनी परत डेव्हलपर म्हणजे खाली उतरणं, आणि एआयमुळे कोडिंग तर जाणारच. वडील डायबेटिक, कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत, त्याचंही टेन्शन. मागच्या महिन्यात रात्रीची लॅप्सची बॅच, म्हणजे हप्ता न आलेल्या पॉलिसी आपोआप बंद करणारा प्रोग्रॅम, दुरुस्त केली, नॅचचे (आपोआप जाणाऱ्या हप्त्याचे) पैसे बँकेतून कापले गेलेले पण एंट्री उशिरा यायची आणि तोवर बॅच पॉलिसी लॅप्स करून मोकळी. ते सापडलं तेव्हा खूप दिवसांनी कामात मजा आली. काय करू?

उत्तर : आधी सरळ सांगते, तुमच्या जागी मी असते तर खराडीला गेले असते, पण दोन-तीन गोष्टी विचारून मगच.

तुमच्या 15 वर्षांत दोन वेगवेगळे ऐवज जमलेत. एक म्हणजे कुठल्या मंजुरीसाठी कुणाला फोन करायचा, क्लायंटकडचा कोणता साहेब कशावर भडकतो, आतलं टाइमशीटचं टूल कुठं अडकतं, हे सगळं. बाहेर पडलात की दुसऱ्या दिवशी याची किंमत शून्य. दुसरा म्हणजे तो लॅप्सचा घोळ ओळखणारं डोकं. मंथली प्रीमियमला ग्रेस, म्हणजे हप्ता भरायची सवलत, 15 दिवस, बाकीच्यांना 30, मधे बँकेची सुट्टी आली, मँडेट (बँकेला दिलेली हप्ता कापायची परवानगी) बाउन्स होऊन परत लागलं तर काय, हे ज्याला माहितीय तो कुठल्याही विमा कंपनीत उपयोगाचा, जावाच्या कुठल्या व्हर्जनवर काम करतो हा प्रश्न नंतरचा. डिलिव्हरी मॅनेजर झालात की पहिला ऐवज वाढत जाणार, बिलिंग, युटिलायझेशन, कोण प्रोजेक्टविना बेंचवर, कुणाचं अप्रेझल, एस्कलेशनचे मेल, आणि दुसरा हळूहळू गंजणार. हे काम हलकं नाही हो, चांगला मॅनेजर मिळाला तर टीमचं नशीबच उघडतं. पण तुमच्या अख्ख्या पत्रात टीममधल्या माणसांबद्दल एक ओळ नाही, बॅचबद्दल मात्र तुम्ही भरभरून लिहिलंय, त्यावरून मला काय ते कळलं.

घरच्यांचं ‘खाली उतरणं’ मला पटत नाही. आपल्याकडे हाताखाली किती माणसं यावरूनच मोठेपण मोजतात, बँकेत आणि कलेक्टर कचेरीत ते चालत असेल. प्रॉडक्ट कंपन्यांत आणि बऱ्याच कॅप्टिव्हमध्ये कोड लिहिणाऱ्यांचीही वेगळी शिडी असते, स्टाफ इंजिनियर, प्रिन्सिपल इंजिनियर वगैरे. पण ती कागदावरच आहे का हे तपासा. एचआरला नाही, इंटरव्ह्यू घेणाऱ्या इंजिनियरला विचारा की पुढच्या लेव्हलचं कुणी पुण्यात बसतं का. ती सगळी माणसं परदेशातच असतील, डिझाइन तिकडं ठरत असेल आणि इकडं नुसती तिकिटं बंद करायची असतील, तर 30 टक्क्यांसाठी खराडीचा ट्रॅफिक रोज सहन करू नका. ऑन-कॉल, म्हणजे सिस्टिम अडली की कधीही हजर राहायची पाळी, कसा असतो, रात्रीचे कॉल किती, हेही तेव्हाच विचारून घ्या.

एआयचं म्हणाल तर फॉर्म बनव, टेबलात भर, परत दाखव, या छापाचं कोडिंग जातंय, त्यात खोटं सांगण्यात अर्थ नाही. पण मीटिंगचे मिनिट्स आणि स्टेटस रिपोर्टही तो लिहितोच की, मग मॅनेजरची खुर्ची जास्त सुरक्षित कशी? लॅप्सची बॅच तो पटकन लिहून देईल, फक्त उशिरा आलेल्या एंट्रीचं काय करायचं हे त्याला आधी कुणीतरी विचारावं लागेल. ते तुम्ही विचारणार. फक्त प्रोजेक्ट अजून जावा 8 वर असेल, जे 2014 चं आहे, तर 17 किंवा 21 या नव्या व्हर्जनवर हात बसवा.

आता पैसे. ग्रॅच्युइटी मोजताना सहा महिन्यांहून जास्त झालेलं वर्ष पूर्ण धरतात. तुमचे 15 वर्षं 5 महिने झालेत, आज राजीनामा देऊन 90 दिवसांची नोटीस पूर्ण केलीत तर 15 वर्षं 8 महिने, म्हणजे 16 धरली जातील. नोटीस बायआउट करून, म्हणजे नोटिशीच्या दिवसांचे पैसे भरून, लगेच निघालात तर 15 च. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा पगार महिना 60,000 असेल तर 60,000 ला 15 ने गुणून 26 ने भागा आणि गुणिले 16, साधारण 5 लाख 54 हजार होतात, एका वर्षाचा फरक साडेचौतीस हजारांवर. नवी कंपनी घाई करेल, त्यांना थांबायला सांगा, बहुतेक थांबतात. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा.

वडिलांच्या मेडिक्लेमचं मात्र राजीनाम्याच्या आधी बघा, कारण शेवटच्या दिवशी कंपनीची पॉलिसी संपते. नवीन कंपनीत पालकांना कव्हर आहे का, डायबेटिससारखा जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, पालकांसाठी वेगळा कोपे (बिलातला आपण भरायचा वाटा) आहे का, हे मेलवर लेखी घ्या, तोंडी ‘हो मॅडम, सगळं कव्हर आहे’ यावर जाऊ नका. शिवाय ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, त्यात आधीची वर्षं वेटिंगमध्ये मोजली जाऊ शकतात, नाहीतर नव्याने घेतलेल्या पॉलिसीत जुन्या आजाराला 3 वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं. प्रीमियम महाग वाटेल, तरी ती पॉलिसी घेऊन ठेवा, पुढच्या वेळी नोकरी बदलताना हा प्रश्नच उरणार नाही.

राजीनामा दिलात की मॅनेजर काउंटर ऑफर घेऊन येईल, 20-25 टक्के वाढवून देतो म्हणेल. तेव्हा एवढंच विचारा, की महिन्यापूर्वी डिलिव्हरी मॅनेजर हो म्हणताना हे पैसे कुठं होते?